कुसळीचा माळ : रोजनिशीतील पाने

९ डिसेंबर २०२४, म्हसवड

यंदा पाऊस चांगला झाला, त्यामुळे माळावर गवत गुडघ्याएवढं आहे. म्हसवडहून दिघंचीकडे जाताना रस्त्याच्या दोन्ही अंगांना कुसळी वाऱ्याबरोबर लोळत होती. पवना आणि मारवेल कुठे कुठे, बांधाच्या आडोशाला. बाकी सगळी कुसळीच, वाळून कडक झालेली.

तात्यांच्या गोठ्यात गेले. खिल्लार गाय, तिसऱ्या वेताची, वासरू सात-आठ महिन्यांचं. गाय दिवसभर माळावर असते, संध्याकाळी पोट टम्म घेऊन येते. तरी बरगड्या मोजता येतात, कातडी अंगाला चिकटलेली आणि वेतापासून एकदाही माज नाही.

तात्या म्हणाले, "ताई, गवात रानभर हाय. खाती बी दाबून. मग अंगाला का लागंना?"

हा प्रश्न मला माण, खटाव, आटपाडी, जत या चारही तालुक्यांत विचारला गेला आहे. दुष्काळात वैरण नसते, तेव्हा कोणी विचारत नाही. चांगल्या पावसाच्या वर्षीच विचारतात, आणि तिथेच खरी अडचण दिसते. गवत फुलोऱ्यात येईपर्यंत त्यात प्रथिनं बऱ्यापैकी असतात. बी पडलं, कुसळं झडली की कोरड्या वजनात तीन-चार टक्के उरतात. पोटातल्या जंतूंना तंतू नीट फोडायचा तर साधारण सात टक्के लागतात. त्याच्याखाली गेलं की गाय खात राहते आणि गवत पोटात पडून राहतं.

रात्री तात्यांना चुलीपाशी बसून सांगितलं ते इथे लिहून ठेवते. गवत गाय पचवत नाही. तिच्या पोटात पन्नास-साठ लिटरांचा पहिला कप्पा आहे. त्यातल्या प्रत्येक मिलिलिटरमध्ये अब्जावधी जिवाणू आहेत, ते गवत पचवतात. ऊसतोडीच्या टोळीला फड दाखवला आणि भाकरीच दिली नाही, तर कोयता किती वेळ चालेल? तसं हे जंतूंचं. फड मोठा आहे, त्यांना खायला नत्र नाही. नत्र मिळालं की ते वाढतात, तंतू फोडतात, पुढच्या कप्प्यांत वाहून जातात आणि तिथे गाय त्यांनाच पचवते. गाईच्या अंगावर चढणाऱ्या प्रथिनांचा मोठा वाटा या मेलेल्या जंतूंचा असतो.

तात्यांच्या आक्का भाकरी थापत ऐकत होत्या. त्या म्हणाल्या, "म्हंजे आदी त्यास्नी जेवू घालायचं, मग गाईला." याहून नेमकं मला सांगता आलं नसतं.

१० डिसेंबर, तिथेच

सकाळी शेण पाहिलं. उंच, कोरडं, थरावर थर, बोटांनी उकललं तर अर्ध्या बोटाएवढे धागे तसेच. चरणाऱ्या गाईची तपासणी मी नेहमी इथून सुरू करते. प्रयोगशाळा शिरवळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात आहे, शेण दारात आहे. पो पसरट पडला आणि धागे बारीक झाले की समजावं, आत काम सुरू झालं.

२७ डिसेंबर, पुसेगाव

सेवागिरी महाराजांची यात्रा. जनावरांचा बाजार भरलेला आहे. खिल्लार पाहावी तर इथे, नाहीतर आटपाडी तालुक्यात खरसुंडीला सिद्धनाथाच्या यात्रेत. लांब, मागे वळलेली शिंगं, अरुंद तोंड, आवळ अंग, गुलाल आणि झूल. खोंडाच्या दावणीला माणसांची गर्दी, गाईंच्या दावणीला फारशी नाही.

सर्वोच्च न्यायालयाने १६ डिसेंबर २०२१ला बैलगाडा शर्यतींना वाट मोकळी केली आणि १८ मे २०२३ला घटनापीठाने त्यावर शिक्कामोर्तब केलं. तेव्हापासून शर्यतीच्या खोंडाला मोल आलं. मला याचा आनंद आहे. ट्रॅक्टर आल्यापासून खिल्लार राखायला कारण उरलं नव्हतं, ते पुन्हा मिळालं. पण खुराकाचं काय चाललंय ते ऐकून काळजी वाटते. मक्याचा भरडा, गहू, उडदाची डाळ, दूध, अंडी, वर काजू-बदाम. एका मालकाने भरड्याचं जे माप दाखवलं, ते बघून मी त्याला बाजूला घेतलं.

त्याला म्हटलं, दादा, धान्य म्हणजे स्टार्च. स्टार्च पोटात भराभर आंबतो, आम्ल होतं. तंतू फोडणाऱ्या जंतूंना आम्ल सोसत नाही, सामू सहाच्या खाली गेला की ते हात आखडतात. मग खोंड कडबा कमी खातो, जेवढा खातो तेवढाही नीट पचत नाही. धान्य वाढवलं तर वैरण वाया जाते, आणि जास्तच झालं तर पोट धरतं, खूर बिघडतात. भरडा द्यायचाच तर थोडा, दोन-तीन वेळांत विभागून, आधी कडबा खाऊ घालून.

तो म्हणाला, "मग ताकद कशानं येनार?" कडब्याने येणार, आणि सरकीच्या पेंडीने. मालदांडी ज्वारीचा कडबा ही माणदेशाची दौलत आहे, तो पचवायला जंतू धड राहिले पाहिजेत.

या बाजारात लाखांच्या गोष्टी होतात, आणि त्या खोंडांना जन्म देणाऱ्या गाई माळावर कुसळी चघळत असतात. वळू चांगला लावतात आणि गाभण गाईला शेवटचे तीन महिने नुसत्या गवतावर काढायला लावतात. खोंड नाव काढणार की नाही याचा मोठा भाग तिथेच ठरतो.

१२ जानेवारी २०२५, विटा

दिवसभर वाचन.

उष्ण प्रदेशातल्या कुरणांवर चरणाऱ्या जनावरांना पूरक खाद्य काय द्यावं, यावर सर्वांत चिकाटीचं काम ब्राझीलमध्ये झालं आहे. मिनास जेराइस राज्यातल्या विसोझा विद्यापीठातल्या लोकांनी वर्षानुवर्षं हेच केलं. कोरड्या हंगामातलं निकृष्ट गवत घ्यायचं, नत्र वाढवत न्यायचं, पचन आणि खाणं मोजायचं. सातच्या आसपास प्रथिनं आली की तंतूचं पचन सुधारतं, दहापर्यंत नेलं की जनावर खायलाही जास्त लागतं. नत्राऐवजी नुसता स्टार्च दिला तर तंतूचं पचन घसरतं. पुसेगावात मी जे सांगितलं ते तिथे मोजून ठेवलेलं आहे.

आणि ही जनावरं कोणाची? आपलीच. आंध्रातली ओंगोल तिथे नेलोर झाली, कांकरेज गुझेरा झाली, गीर गीरच राहिली. एकोणिसाव्या शतकापासून १९६२पर्यंत बोटींतून गेलेल्या या गुरांच्या वंशावर आज ब्राझीलचा मांसाचा धंदा उभा आहे. गवत आफ्रिकेतलं, गाय भारतातली, हिशेब त्यांचा.

आपल्याकडे हा हिशेब मांसाच्या किलोत मांडायचा नाही. १९७६च्या कायद्याने गायीच्या कत्तलीला बंदी होती, मार्च २०१५मध्ये सुधारणेला राष्ट्रपतींची संमती मिळाल्यावर बैल आणि वळूही त्यात आले. म्हणून ते संशोधन आपल्या कामाचं नाही असं म्हणणारे भेटतात. मला ते अजिबात पटत नाही. पोटातल्या जिवाणूला गाय कशासाठी पाळली आहे हे कळत नाही. तिकडे वाढलेल्या किलोऐवजी इकडे दोन वेतांतलं अंतर मोजा, खोंडाची वाढ मोजा, उन्हाळ्यात बैल नांगराला टिकतो का ते पाहा. उलट, भाकड आणि म्हातारी जनावरंही आता त्याच माळावर शेवटपर्यंत चरणार असतील, तर वाळलेल्या गवतातून जास्तीत जास्त काढून घेणं आपल्याला त्यांच्याहून जास्त गरजेचं आहे.

२९ जानेवारी, कराड ते इस्लामपूर

एकाच दिवसात दोन देश. सकाळी माण, जिथे पाऊस जेमतेम पाचशे मिलिमीटर. दुपारी कृष्णाकाठ, जिथे डोळा जाईल तिथे ऊस. महाबळेश्वरला पाच-सहा हजार मिलिमीटर पडतो आणि तो याच सातारा जिल्ह्यात आहे, हे बाहेरच्या माणसाला खरं वाटत नाही.

गाळप जोरात आहे. उसाच्या वाढ्यांच्या पेंढ्या बांधून बैलगाड्यांवर, टेम्पोत, मोटारसायकलींवर चालल्या आहेत. हिरवं दिसतं, जनावर आवडीने खातं, आणि उसाच्या पट्ट्यात या दिवसांत सर्वांत स्वस्त वैरण तीच. दुष्काळात छावण्यांनाही उसाने तारलं. २०१२-१३मध्ये आणि पुन्हा २०१९मध्ये म्हसवडला माणदेशी फाउंडेशनने जी छावणी चालवली, तिथे ट्रकमागून ट्रक उतरत होते. त्या छावणीने हजारो जनावरं वाचवली, हे डोळ्यांनी पाहिलेलं आहे आणि ते मोठं काम होतं.

पण नुसत्या वाढ्यांवर चार महिने काढणाऱ्या गोठ्यांत मला तीच ती दुखणी भेटतात. गाय व्यायल्यावर उठत नाही, वासरांचे पाय वाकतात, माज येत नाही. वाढ्यांत ऑक्झॅलेट असतं, ते कॅल्शियमला धरून ठेवतं आणि शेणावाटे बाहेर नेतं. प्रथिनं पाच-सहा टक्के, म्हणजे हिरवा रंग सोडला तर वाळल्या गवताच्या थोडीशीच पुढे. उपाय अवघड नाहीत. वाढे कुट्टी करून द्यावेत, एकूण वैरणीच्या तिसऱ्या हिश्श्याच्या वर नेऊ नयेत, चुन्याची निवळी शिंपडावी, खनिज मिश्रण रोज द्यावं. सवय हळूहळू लावली तर पोटातले काही जिवाणू ऑक्झॅलेट फोडायलाही शिकतात. एकदम भारा टाकला तर त्यांना वेळच मिळत नाही.

इस्लामपूरजवळ एका वहिनींनी विचारलं, "चुना दुकानातला, पानाचाच ना?" हो, तोच. रात्री पाण्यात भिजवायचा, सकाळी वरची निवळी घ्यायची, खालचा गाळ टाकायचा.

१६ फेब्रुवारी, आटपाडी तालुका

टेंभू योजनेचं पाणी आल्यापासून इथे गहू, मका वाढले आहेत. त्याबरोबर गव्हाचं काड आलं. ते बरेच जण पेटवून देतात. आज एका वस्तीवर काड मुरवून दाखवलं.

शंभर किलो काड, चार किलो युरिया, चाळीस ते पन्नास लिटर पाणी. युरिया पाण्यात पूर्ण विरघळवायचा. खडा राहता कामा नये. काडाचा थर, त्यावर झारीने पाणी, मग पायांनी तुडवायचं, पुन्हा थर. पोरांना तुडवायला मजा आली. वरून प्लॅस्टिक, कडेने माती लिंपून हवाबंद. एकवीस दिवस. युरियातून अमोनिया सुटतो, तो तंतूंची वीण सैल करतो आणि थोडं नत्रही मागे ठेवतो. उघडल्यावर लागेल तेवढं काढून तासभर हवेवर पसरायचं, डोळ्यांना झोंबणारा वास गेला की घालायचं.

युरियाचं नाव काढलं की म्हातारी माणसं दचकतात, आणि त्यांचं दचकणं योग्य आहे. पोतं फाडून युरिया खाल्लेली जनावरं तासाभरात गेलेली मी पाहिली आहेत. पोटात अमोनिया इतका भराभर सुटतो की जंतूंना वापरता येत नाही, तो रक्तात चढतो. तसं झालं तर डॉक्टर येईपर्यंत व्हिनेगर आणि भरपूर थंड पाणी पाजायचं. सहा महिन्यांच्या आतल्या वासराला युरिया कधीच नाही, कारण त्याचा पहिला कप्पा अजून तयार नसतो. उपाशी जनावराला नाही, पिण्याच्या पाण्यात कालवून तर मुळीच नाही.

ऑस्ट्रेलियाचे रॉन लेंग यांनी आणंदच्या राष्ट्रीय दुग्धविकास मंडळाबरोबर १९८०च्या दशकात युरिया आणि मळीची चाटण वीट आणली, ती याच धोक्यावर तोड म्हणून. वीट कडक असते, गाय जिभेने थोडं थोडं चाटते, नत्र दिवसभर थेंबाथेंबाने पोटात जातं. विचार किती सुंदर आहे! आपल्याकडे ही वीट घरोघर का पोचली नाही, याचं एक कारण मळी. चहूबाजूंनी साखर कारखाने, पण मळी राज्य उत्पादन शुल्क खात्याच्या ताब्यातली वस्तू, शेतकऱ्याला बादलीभर सहज मिळत नाही. मी काकवी किंवा कराड-सांगलीच्या पेठेतला उतरता, काळा गूळ वापरायला सांगते. महाग पडतो, पण थोडाच लागतो.

३ मार्च, म्हसवड

तात्यांकडे. डिसेंबरात हिशेब मांडून दिला होता, तो वहीत राहावा म्हणून लिहिते. गाय तीनशे किलोची. दिवसाला सहा किलो कोरडं गवत खाते. त्यात चार टक्क्यांनी २४० ग्रॅम प्रथिनं. सात टक्के हवीत, म्हणजे ४२० ग्रॅम. तूट १८० ग्रॅमची. सरकीच्या पेंडीत साधारण बावीस टक्के, म्हणजे किलोभर पेंडीत २२० ग्रॅम. पेंडीचं स्वतःचं वजन हिशेबात धरलं तरी सातच्या जवळ जातं. सोबत तीस ते पन्नास ग्रॅम खनिज मिश्रण आणि चिमूटभर मीठ. एवढंच. पोत्यावर वळूचं चित्र आणि पंधरा औषधांची नावं असलेल्या पुड्यांची गरज नाही. त्या पुड्यांवर घालवलेला पैसा पाहिला की जीव तुटतो.

आक्कांची अडचण वेगळी होती. रोज संध्याकाळी पेंड भिजवून आंबोण करायला त्यांना वेळ नाही, दोन शेळ्या, नातवंडं, पाणी. त्यांना सांगितलं, एक दिवसाआड द्या, दोन दिवसांची एकदम. गाय नत्र वाया घालवत नाही. रक्तातला युरिया लाळेवाटे आणि पोटाच्या भिंतीतून पुन्हा पहिल्या कप्प्यात आणते आणि मधला दिवस निभावून नेते. युरियाला ही सूट नाही, पेंडीला आहे. आक्का एवढ्या हसल्या! संशोधनाचा फायदा बाईच्या कामाच्या तासांत मोजलेला मी अजून कुठल्या अहवालात वाचला नाही, मोजायला हवा.

शेण पसरट पडतंय, धागे बारीक. पाठीवर हात फिरवला तर कणा आता टोचत नाही.

जाता जाता दहिवडीकडच्या डोंगराला वणवा लागलेला दिसला. जाळलं की गवत जोमदार येतं, अशी समजूत आहे. कोवळं लवकर दिसतं एवढंच. वैरण जाते आणि नत्र धुरावाटे आकाशात.

२१ मार्च, जत

उन्हं तापली. माडग्याळ मेंढ्यांचा एक वाडा भेटला, माडग्याळ गाव इथलंच. मेंढक्याजवळ दोन गाई होत्या. एक चरता चरता थांबली, जुनं हाड तोंडात धरलं आणि डोळे मिटून चघळत राहिली. मेंढका म्हणाला, "खोड हाय तिची."

खोड नाही, स्फुरदाची भूक आहे. दक्षिण आफ्रिकेत शंभर वर्षांपूर्वी गुरं पाय लुळे पडून मरत होती. सर अर्नोल्ड थायलर यांनी छडा लावला. कुरणात स्फुरद कमी, म्हणून गुरं मेलेल्या जनावरांची हाडं चघळतात, आणि कुजक्या हाडांतल्या जिवाणूचं विष त्यांना मारतं. हाडांची पूड दिली, चघळणं थांबलं, मरणंही थांबलं. मला आमच्या व्यवसायातली ही फार मोठी गोष्ट वाटते. रोगाच्या मुळाशी उपासमार होती, आणि ती त्यांनी जनावराच्या वागण्यातून ओळखली.

मेंढक्याला खनिज मिश्रणाची पिशवी दिली, हाड काढून पुरलं.

१३ एप्रिल, विटा

शेवरी, सुबाभूळ, बाभळीच्या शेंगा. पेंड परवडत नाही त्यांनी बांधावर हे लावावं. सुबाभळीच्या पाल्यात कोरड्या वजनावर वीस टक्क्यांहून जास्त प्रथिनं. बायफ संस्थेने सत्तरच्या दशकात सुबाभूळ गावोगाव नेली, पुढे तिची बदनामीही झाली. जनावरांचे केस गळतात, गळ्याला गाठ येते. पाल्यातल्या मिमोसिनमुळे ते होतं हे खरं आहे. पण रेमंड जोन्स या ऑस्ट्रेलियन शास्त्रज्ञाला दिसलं की हवाई बेटांवरच्या शेळ्या हाच पाला खाऊन ठणठणीत आहेत. त्यांच्या पोटातला द्रव त्याने ऑस्ट्रेलियातल्या जनावरांना दिला आणि ती बरी झाली. त्या द्रवात विष फोडणारा जिवाणू होता. १९९२मध्ये त्याला सिनर्जिस्टेस जोन्सिआय असं नाव दिलं गेलं. एका जनावराच्या पोटातून दुसऱ्याच्या पोटात दिलेलं औषध!

तरी मी सांगते, सुबाभूळ वैरणीच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आत ठेवा. सगळ्या गोठ्यांत तो जिवाणू आहेच असं धरून चालू नये.

म्हसवडहून फोन आला, गाय माजावर आली. खिल्लार वळूच लावा म्हटलं.

२८ मे, म्हसवड

मोसमी पाऊस २५ मेलाच महाराष्ट्रात आला, आणि त्याआधीच्या सरींनी फलटण, माण झोडपून काढलं. मे महिन्यात माणगंगेला पूर. कडबा भिजला त्यांचे हाल आहेत, गंजी उघडून वाळवायला ऊन नाही. काळी बुरशी आलेला कडबा फेकून द्या हे दिवसभर सांगत फिरले. जड जातं सांगायला.

जिथे ज्वारीचे जुने खुंट राहिले तिथे हिरवे कोंब फुटले आहेत. त्यात गुरं सोडू नका. किराळ, म्हणजे त्या कोंबांतलं विष, लागली तर जनावर अर्ध्या तासात आडवं होतं. सोडियम थायोसल्फेटची कुपी मी पिशवीत ठेवली आहे, पण वेळेत पोचले तरच तिचा उपयोग.

तात्यांनी विचारलं, "आता पेंड बंद करायची न्हवं?" हो म्हटलं. गवत पंधरा दिवसांत पुरेसं वर आलं की पेंड कमी करत आणा. कोवळ्या गवतात नत्र भरपूर असतं. पण खनिज मिश्रण थांबवू नका, उलट आताच चुकवू नका. उन्हाळ्यात प्रथिनंच कमी, त्यामुळे जनावर वाढत नाही आणि स्फुरदाची ओढही कमी असते. पावसाळ्यात अंग भरू लागतं, हाडं वाढतात, पोटातलं वासरू मोठं होतं, आणि तेव्हाच स्फुरद कमी पडतं. लोक नेमके पाऊस पडला की मिश्रण बंद करतात.

आणि गवत. यंदा दिवाळीची वाट पाहायची नाही. कुसळी निम्मी फुलोऱ्यात आली की कापायची, सावलीत सुकवायची, गंज लावायची. वजन थोडं कमी भरेल, प्रथिनं जवळजवळ दुप्पट राहतील. सप्टेंबरात मजूर मिळत नाहीत, भुईमूग-बाजरीची काढणी असते, हे तात्यांचं म्हणणं खरं आहे. मग सगळा माळ नको, गाभण गाईपुरता एक तुकडा आधी कापू असं ठरलं. ओढ्याच्या बाजूचा, जिथे मारवेल जास्त आहे. तिथेच या पावसात स्टायलोचं बी टाकायचं आहे. राहुरीच्या विद्यापीठाकडे बी आहे का ते उद्या फोन करून विचारते.